मैना, आगगाडी आणि वादकाचा श्वास

बिग बँडसाठी, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या स्वतंत्र रचना संगीतकाराला सुचतात तरी कशा, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली असून त्यांतील बहुतेक अमेरिकी जॅझ संगीतकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्याविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एलिंग्टन यांच्या ‘फार ईस्ट स्वीट’ या रचनामालिकेत दिल्ली आणि आग्रा यांच्या नावांच्या रचना आहेत, पण त्यांत राग ओळखू येत नाही आणि सतार-तबलाही नाही. मग त्यांत भारत आहे कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १९६३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाला पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. दमास्कस, काबूल, दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता, कोलंबो, तेहरान, बगदाद असा तो प्रवास होता. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली आणि उरलेला दौरा रद्द करावा लागला. दिल्लीत एलिंग्टन यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांना एका मैनेचे कूजन रोज ऐकू येत असे. त्या कूजनातली लहानशी स्वरावली ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ या रचनेत जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटवर उतरली आहे. सुरुवातीपासून ते क्लॅरिनेट ऐका, म्हणजे पक्षी आणि वाद्यवृंद यांचा संवाद कसा रंगतो ते ध्यानात येईल. आग्र्यावरच्या रचनेत ताजमहाल उभा राहतो तो हॅरी कार्नी यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनच्या भारदस्त, खोल आवाजात. नाजूकपणाऐवजी भव्यता आणि तिच्यातले दुःख दाखवायचे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

राग न घेण्यामागे एलिंग्टन यांचा विचार होता. ऐकलेल्या संगीतातील स्वर आणि ताल लगेच उचलून आपल्या रचनेत बसवणे त्यांना उथळपणाचे वाटे. ते आधी मनात मुरावे आणि मग आपल्याच भाषेत बाहेर यावे, अशी त्यांची धारणा होती. या मालिकेतील चार रचना १९६४ च्या आरंभी इंग्लंडमधील मैफलींत वाजल्या, पण संपूर्ण मालिकेचे ध्वनिमुद्रण १९६६ च्या डिसेंबरमध्ये झाले, म्हणजे दौऱ्यानंतर तीन वर्षांनी. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. जॉनी हॉजेस यांच्या आल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेली ‘इस्फहान’ ही या मालिकेतील बहुधा सर्वांत सुंदर रचना स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्याला निघण्यापूर्वीच ‘एल्फ’ या नावाने लिहून ठेवली होती. शीर्षक पाहून प्रेरणा ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तरीही इराणमधले ते शहर पाहून आल्यावर रचनेला नवे नाव द्यावेसे वाटले, हेही खरेच आहे.

प्रश्न : एलिंग्टन यांना आगगाडीचे एवढे वेड का होते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘डेब्रेक एक्स्प्रेस’ १९३३ ची, ‘हॅपी-गो-लकी लोकल’ १९४६ ची, पहिलीत वेग घेणारी जलद गाडी आहे, तर दुसरीत दक्षिणेतल्या लहान लहान स्थानकांवर थांबत जाणारी कुरकुरती गाडी. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा वर्णभेद कायद्याने लागू होता आणि कृष्णवर्णीय वादकांना चांगल्या हॉटेलांत उतरू दिले जात नसे, म्हणून १९३० च्या दशकात हा वाद्यवृंद भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र डब्यांतून दौरा करी आणि तेच त्यांचे मुक्कामाचे ठिकाण असे. रात्री रुळांचा आवाज ऐकत झोपायचे आणि इंजिनाच्या शिट्टीने जागे व्हायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या तोंडावर म्यूट (आवाज दबवणारे बूच) लावून किंवा रबरी वाटी हलवून काढलेल्या घरघरत्या आवाजांत ती शिट्टी इतकी खरी वाटते, याचे कारण ती ऐकीव नव्हती.

प्रश्न : साहित्यकृतीवरून शब्दांशिवाय संगीत कसे रचता येते? (एक प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर महोत्सवात १९५६ मध्ये एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजला आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘सच स्वीट थंडर’ ही मालिका जन्मली. तिच्यात चार सुनीते आहेत, आणि ती केवळ नावाची सुनीते नाहीत. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या या काव्यप्रकाराच्या चौदा ओळी आपल्याला परिचित आहेतच. इंग्रजी सुनीताच्या प्रत्येक ओळीत दहा अक्षरावयव असतात. एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न यांनी मुख्य वाद्याला प्रत्येकी दहा स्वरांची चौदा वाक्ये दिली. इथे कवितेचा आशय नव्हे, तर तिचा बांधा संगीतात आला आहे, आणि माझ्या मते साहित्याकडून संगीताने घेण्यासारखी हीच सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. पात्रेही वाद्यांना वाटून दिलेली आहेत : ज्युलिएटचा स्वर हॉजेस यांच्या आल्टोला, रोमिओचा पॉल गोन्सॅल्व्हिस यांच्या टेनर सॅक्सोफोनला, तर ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ नाटकातल्या खोडकर पकचे एक प्रसिद्ध वाक्य क्लार्क टेरी यांनी ट्रम्पेटवर जवळजवळ उच्चारल्यासारखे वाजवले आहे.

प्रश्न : मी बँडपथकात चाळीस वर्षे ट्रम्पेट वाजवला. चाल एकाची आणि संयोजन दुसऱ्याचे असते, तेव्हा खरी निर्मिती कोणाची मानावी? (एक ज्येष्ठ वादक, कोल्हापूर)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एलिंग्टन यांच्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. १९३० ची ‘मूड इंडिगो’ घ्या. सर्वसाधारण रीतीप्रमाणे क्लॅरिनेट वर, ट्रम्पेट मध्ये आणि ट्रॉम्बोन खाली असायला हवे. एलिंग्टन यांनी म्यूट लावलेले ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन वर ठेवून क्लॅरिनेटला त्याच्या खर्जात उतरवले. हे स्वर पियानोवर वाजवले तर चाल मिळते, पण ती रचना मिळत नाही, कारण तिचा जीव त्या उलट मांडणीत आहे.

त्यांच्या स्वरलेखनाच्या कागदांवर वाद्याऐवजी वादकाचे नाव लिहिलेले असे. ‘तिसरा ट्रॉम्बोन’ अशी जागा त्यांच्या मनात नव्हतीच. तिथे अमुक एका माणसाचा फुंकर घालण्याचा ढंग आणि त्याच्या श्वासाची लांबी होती. कार्नी १९२७ मध्ये आले आणि १९७४ मध्ये एलिंग्टन यांचे निधन होईपर्यंत राहिले, म्हणून तळाचा स्वर कसा लागेल हे लिहितानाच कानात वाजत असे. १९४० च्या मार्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ तर कूटी विल्यम्स यांच्या ट्रम्पेटच्या निरनिराळ्या रंगांवरच उभी आहे. त्याच वर्षी विल्यम्स दुसरे वाद्यवृंदप्रमुख बेनी गुडमन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या जागी रे नान्स आले.

आता ‘टेक द ए ट्रेन’ (न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची ‘ए’ गाडी पकडा) पाहा. हार्लेममधल्या आपल्या घरी कसे यायचे, हे एलिंग्टन यांनी स्ट्रेहॉर्न यांना सांगितले होते, त्या सूचनांवरून शीर्षक आले; ट्रम्पेट-सॅक्सोफोनांच्या मांडणीमागे बिग बँडचे संयोजक फ्लेचर हेंडरसन यांच्या संयोजनांचा आदर्श होता. एलिंग्टन ज्या संगीतकार-संघटनेचे सभासद होते तिचा रेडिओ कंपन्यांशी मानधनावरून वाद झाल्यामुळे १९४१ च्या आरंभापासून एलिंग्टन यांच्या स्वतःच्या रचना प्रसारित होऊ शकत नव्हत्या आणि स्ट्रेहॉर्न त्या संघटनेचे सभासद नसल्याने त्यांची ही रचना वाद्यवृंदाची ओळखधून झाली. फेब्रुवारी १९४१ च्या ध्वनिमुद्रणात नान्स यांनी जो ट्रम्पेटचा एकल भाग वाजवला, तो पुढे रचनेत इतका मिसळून गेला की नंतरचे ट्रम्पेटवादक तो लिहून ठेवल्याप्रमाणे वाजवू लागले. तेव्हा चाल स्ट्रेहॉर्न यांची, आदर्श हेंडरसन यांचा, पत्ता एलिंग्टन यांचा आणि ते सूर नान्स यांचे; आपण चाळीस वर्षांत एखाद्या चालीत घातलेली आणि नंतर इतरांनी उचललेली जागा आठवून पाहिलीत, तर तिच्यावर कोणाचे नाव असावे हे आपणच मला अधिक चांगले सांगू शकाल, आणि तसे पत्र आले तर मी ते आनंदाने येथे छापीन.