लॉगमध्ये 'स्टेटस=सेंट' दिसतंय, मग मेल गेला कुठे?

सर्व्हर पोस्टफिक्सचा (मेल घेणारं-पाठवणारं सॉफ्टवेअर), त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, 'सेंट', आणि समोरचा म्हणतो मेल आलाच नाही. अशा वेळी 'सेंट'वर विसंबू नका. त्याच ओळीतलं 'रिले' (मेल पुढे कोणाच्या हाती दिला ते) आणि शेवटच्या कंसातला मजकूर वाचा.

ज्या पत्त्यावर मेल पाठवला, तो आधी मेल लॉगमध्ये ग्रेप करा, म्हणजे ग्रेप कमांडने शोधा. प्रोसेसच्या नावानंतर अक्षर-आकड्यांचा तुकडा दिसेल, समजा ४सी१एफ०बी२. हा क्यू आयडी, म्हणजे रांगेतल्या मेलची खूण. आता त्यावर ग्रेप केलं की त्या मेलचा सगळा प्रवास एकाखाली एक येतो: एसएमटीपीडीने घेतला, क्लीनअपने मेसेज आयडी (मेलच्या हेडरमधली त्याची ओळख) नोंदवला, क्यूएमजीआरने रांगेत लावला, एसएमटीपीने पुढे दिला, शेवटी 'रिमूव्हड', म्हणजे रांगेतून काढला. ही सगळी पोस्टफिक्सच्याच प्रोसेसची नावं. नावाच्या शेवटी 'डी' असलेला (एसएमटीपीडी) मेल घेतो, नसलेला (एसएमटीपी) देतो. इथे गल्लत फार होते. छोटे क्यू आयडी काही काळाने पुन्हा वापरले जातात, म्हणून तारीख-वेळही जुळवा.

रिलेमध्ये १२७.०.०.१ आणि पोर्ट १००२४ असं काही असेल, तर मेल अजून तुमच्याच मशीनवर आहे. तो फक्त स्पॅम-व्हायरस तपासणाऱ्या फिल्टरच्या हातात दिलाय. कंसात '२५०' (स्वीकारल्याचा कोड) आणि 'क्यूड ॲज'पुढे नवा आयडी असतो, शोध त्यावरून पुढे न्यायचा. माग बहुधा इथेच सुटतो. नवा आयडी सापडत नसेल तर मेसेज आयडीवरून शोधा, तो सहसा बदलत नाही.

रिलेमध्ये समोरच्यांचा सर्व्हर आणि कंसात २५० असेल, तर मेल त्यांनी स्वीकारला. पुढे तो स्पॅममध्ये पडला की कुठे अडकला, हे तुमच्या लॉगमधून कळणार नाही. त्यांच्या ॲडमिनला कंसातला मजकूर, नेमकी वेळ आणि टाइमझोन पाठवा.

स्टेटसमध्ये 'सेंट'ऐवजी 'डिफर्ड' असेल, तर मेल रांगेत आहे, पुन्हा प्रयत्न होईल. मूळ सेटिंगमध्ये ५ दिवसांपर्यंत. कोड ४ने सुरू होतो. ४५० किंवा ४५१ सोबत ग्रेलिस्टिंगचा (अनोळखी सर्व्हरला मुद्दाम 'नंतर या' सांगण्याचा) उल्लेख असेल तर काही करू नका, पुढच्या खेपेला जाईल. पण सगळ्याच डोमेनना 'कनेक्शन टाइम्ड आउट' येत असेल तर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) बंद आहे का ते बघा. 'बाउन्स्ड' म्हणजे पोस्टफिक्सने प्रयत्न सोडला. ५.१.१ असेल तर पत्ता चुकलाय, ५.७.१ असेल तर धोरण आडवं आलंय, कारण कंसातच लिहिलेलं असतं.

मेल उशिरा पोचत असेल तर त्याच ओळीतलं 'डिलेज' बघा, उदाहरणार्थ ०.२/०.०१/३०/३.८. क्रमाने: रांगेत येईपर्यंत, रांगेत, कनेक्शन जुळवताना, प्रत्यक्ष पाठवताना गेलेले सेकंद. तिसरा आकडा फुगला की पहिला संशय डीएनएसवर (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) घ्यावा.

येणारे मेल हरवत असतील तर 'नोक्यू' शोधा. ते दारातच नाकारलेले असतात, त्यांना क्यू आयडी मिळतच नाही.