घर धडधाकट, तरी घसारा कशाचा?

प्रश्न : आमचं घर 30 वर्षांचं. छत, वायरिंग, नळ सगळं नवं करून घेतलंय. तरी घराची किंमत काढणाऱ्या व्हॅल्युअरने तीन ठिकाणी घसारा कापला : झीज, रचनेतला दोष (आतल्या खोलीत जायला पहिल्या खोलीतूनच वाट आहे) आणि शेजारचा उड्डाणपूल. पुलाचं खापर आमच्या माथी का?

उत्तर : दोष तुमचा नाहीच, पण गिऱ्हाईक ते बघत नाही. ते खिडकी उघडतं, आवाज ऐकतं आणि आकडा खाली आणतं. मूल्यांकनातला घसारा म्हणजे हेच : तसं बांधकाम आज नव्याने करायचा खर्च आणि बाजार त्याला देईल ती किंमत, यांतलं अंतर. हिशेबाच्या वहीतला घसारा वेगळा, त्याची इथे सरमिसळ नको.

झिजेत तुमची डागडुजी कामी येते. कागदावरचं वय 30 असलं, तरी अवस्था पाहून ते 20 धरता येतं. एकूण आयुष्य 60 वर्षं मानलं, तर झीज निम्म्याऐवजी एक तृतीयांश होते. अहवालात कोणतं वय घेतलंय, ते बघा.

खोलीच्या वाटेचा दोष रंगरंगोटीने जात नाही. दार फोडून वाट काढायचा खर्च त्याने वाढणाऱ्या किमतीत बसत असेल, तर तो सुधारण्याजोगा. भार पेलणारी भिंतच आड येत असेल, तर बहुधा नाही. (उलटही घडतं : छोट्या घराला राजवाड्याचा जिना केला, तर त्याचे पैसे बाजार देत नाही.)

पूल मालकाच्या हातातला नाही, म्हणून त्याचा घसारा सहसा न सुधारणारा धरतात. पण खरी मेख इथेच आहे. या पद्धतीत घराची किंमत म्हणजे जमिनीची किंमत अधिक घसारा वजा केलेलं बांधकाम. जमिनीला घसारा नसतो, तिची किंमत आसपासच्या प्लॉटच्या विक्रीवरून काढतात. ते प्लॉट पुलालगतचेच असतील, तर आवाजाचा फटका जमिनीच्या आकड्यात आधीच बसलेला आहे. सगळं नुकसान पुन्हा बांधकामातून वजा केलं, तर एकच रक्कम दोनदा कापली जाते. एकूण किमतीत जमीन 60 टक्के असेल, तर नुकसानीचा साधारण 40 टक्के भागच बांधकामावर यायला हवा.

म्हणून व्हॅल्युअरला लेखी विचारा, जमिनीसाठी कोणते व्यवहार धरले? उत्तर ‘पुलालगतचे’ आणि कपात मात्र पूर्ण, असं असेल तर अहवाल दुरुस्त करून मागा.