टोमॅटोची पाने पिवळी पडतात, तेव्हा आधी युरिया थांबवा

प्रश्न : परसबागेत टोमॅटोची आठ रोपे आहेत. फुले लागली, पण खालची पाने पिवळी पडून गळतात. रोज पाणी देतो, दोनदा युरियाही दिला, तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : युरिया तूर्त बंद करा. पान पिवळे दिसले की नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळते) कमी पडले असे आपण धरून चालतो. नत्राच्या कमतरतेत खालचे पान शिरांसकट सरसकट फिके पडते हे खरे, पण तुमच्या पत्रात मला खटकले ते ‘रोज पाणी’. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. माती बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी नको. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, मग जमिनीत नत्र असूनही ते उचलता येत नाही. वरून खत टाकल्याने दुखावलेल्या मुळांना उलट त्रासच होतो. चार-सहा दिवस वाफसा (माती ओलसर, पण बोटाला न चिकटणारी) येऊ द्या आणि नवी पालवी कशी निघते ते बघा. पिवळे झालेले पान बहुधा पुन्हा हिरवे होत नाही, त्याची वाट पाहू नका.

आता एक पिवळे पान तोडून उजेडात धरा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम सल्फेट 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. हीच खूण शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते.

पानावर तपकिरी ठिपके, त्यांत एकात एक वलये आणि भोवती पिवळी कड असेल, तर तो करपा, म्हणजे बुरशीचा रोग. अशी पाने काढून नष्ट करा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पाणी बुंध्याशीच द्या आणि खाली पालापाचोळ्याचे आच्छादन करा, म्हणजे माती पानांवर उडणार नाही.

झाड एकाच बाजूने पिवळे पडून दुपारी माना टाकत असेल, तर मात्र मर रोगाची शंका घ्या. बुंध्याजवळ खोड उभे चिरा; सालीच्या आत तपकिरी रेषा दिसली तर झाड मुळासकट उपटा. मर लागलेल्या झाडावर उपाय नाही. त्या जागी पुढची काही वर्षे टोमॅटो लावू नका.

शेंड्याची पाने बारीक, पिवळसर आणि वाटीसारखी वर वळली असतील, तर पानांची खालची बाजू पाहा. पांढरी माशी उडाली, तर पाने अशी वळवणारा विषाणू तिनेच आणला असण्याची शक्यता मोठी. असे झाड लगेच काढा आणि बाकीच्या रोपांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.