कोड उचलला, तर कुठून तेही लिहा

प्रश्न : स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून घेतलेल्या दहा-बारा ओळींच्या वर मी लिंक टाकली. सीनिअर म्हणाले, "काढून टाक, कोड स्वच्छ दिसू दे." काय करू?

उत्तर : लिंक राहू द्या. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतो आणि श्रेय देणं ही त्याची अटच आहे. पण सीनिअरना पटवायचं तर दुरुस्तीचा मुद्दा मांडा. बाइट्सचा आकडा केबी-एमबीत दाखवणारा जावाचा एक तुकडा तिथे २०१० साली आला. २०१८ च्या एका अभ्यासात तो तिथला सर्वांत जास्त उचललेला जावा कोड ठरला. २०१९ मध्ये मूळ लेखकानेच जाहीर केलं की त्यात चूक आहे : ९,९९,९९९ बाइट्स दिले की '१.० एमबी'ऐवजी '१०००.० केबी' येतं. ज्यांनी लिंक पुसली, त्यांना आपल्याकडे हाच तुकडा आहे हे कळणार कसं?

प्रश्न : लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) एमआयटी परवान्याची, म्हणजे फुकटच. मग श्रेय कशाला?

उत्तर : पैसे नकोत, पण कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवा, एवढंच तो परवाना मागतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच धरली आहे.

प्रश्न : अल्गोरिदम वाचून कोड स्वतः लिहिला. तरी स्रोत द्यायचा?

उत्तर : हो, आणि इथे तर आवर्जून. 'क्वेक ३' या गेमचा सोर्स २००५ मध्ये खुला झाला. त्यात व्यस्त वर्गमूळ झटपट काढणारं एक फंक्शन होतं आणि त्यात एक गूढ हेक्स (सोळाच्या पायावरचा) आकडा. तो कुठून आला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. श्रेय 'क्वेक'चे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांना दिलं जाई; त्यांनी ते नाकारलं. लोकांनी माग काढत काढत तो ग्रेग वॉल्श आणि क्लीव्ह मोलर या संगणकतज्ज्ञांपर्यंत नेला. एका ओळीच्या कॉमेंटने हा सगळा शोध वाचला असता. याउलट पायथनचं सॉर्टिंग पाहा. ते लिहिणारे टिम पीटर्स यांनी सोर्ससोबतच्या टिपणात संगणकशास्त्रज्ञ मॅकइलरॉय यांच्या १९९३ च्या शोधनिबंधाचं नाव दिलं आहे. एखादी पायरी तशी का, हे कुणालाही पडताळता येतं.

प्रश्न : संदर्भ कॉमेंटमध्ये लिहू की कमिट मेसेजमध्ये (बदल जतन करताना लिहायच्या टिपेत)?

उत्तर : कॉमेंटमध्ये. फाइल दुसऱ्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) गेली की कमिटचा इतिहास बहुधा मागेच राहतो. पूर्ण पानाची नको, त्या विशिष्ट उत्तराची लिंक द्या आणि तुम्ही काय बदललंत तेही लिहा. मानक पाळलं असेल तर त्याचा क्रमांक पुरे, उदाहरणार्थ तारखांसाठी आरएफसी ३३३९.

प्रश्न : एआयने लिहिलेल्या कोडला कुठला स्रोत देणार?

उत्तर : टूलचं नाव नोंदवा, पण तो मूळ स्रोत नव्हे. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआय टूलने 'क्वेक'चं तेच फंक्शन मूळ कॉमेंट्ससकट ओकलं आणि वर भलताच परवाना चिकटवला. मूळ कोड जीपीएल या परवान्याखाली आहे. म्हणून फंक्शन लांब असेल किंवा त्यात न समजणारा आकडा असेल, तर मर्ज करण्याआधी (मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी) त्यातली एखादी वेगळी ओळ शोधून पाहा. मूळ प्रकल्प सापडला, तर परवाना तिथला वाचा.