मदरशात ठेवलाय खरा, पण वळण कोण लावणार?

"मॅडम, आता घरी आला की सरळ तोंडावर खोटं बोलतोय, हे तिकडनंच शिकून आला काय?" निपाणीच्या एक आई, विड्या वळून घर चालवतात, रमजानच्या सुट्टीत पोराला घेऊन माझ्याकडं सल्ल्याला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.) खानापूर, चिकोडीकडचे पालकही हेच विचारतात, मदरशाचेच नव्हे, निवासी शाळेचेसुद्धा.

पोरगा बारा वर्षांचा, हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ करतोय, तीसपैकी आठ पारे (कुराणाचे भाग) झालेले. आईला बाहेर बसवलं तर बराच वेळ नुसतं कुर्त्याच्या बाहीचं बटण काढ, लाव चाललेलं. मग म्हणाला, आधीच्या उस्तादांकडं (शिक्षकांकडं) खरं सांगितलं तर छडी ठरलेली, खोटं बोललं तर कधीकधी सुटका व्हायची. आता शिकवायला नवीन हाफिजसाब (कुराण पाठ असलेले) आलेत, ते पोरांच्याच हॉलमध्ये झोपतात, ताट स्वतः धुतात. एकदा फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, सबक (पाठ) ऐकताना ते याला सगळ्यांसमोर बोलले, चूक दुसऱ्याचीच होती, आणि असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर, त्याच जागी, सगळ्या पोरांना बसवून म्हणाले, "गलती मेरी थी बेटा, माफ कर." हे मला त्यानं तीनदा सांगितलं!

मदरशात जुन्या काळचे मोठे इस्लामी विद्वान इमाम मालिक यांची गोष्ट नेहमी सांगतात, आई त्यांना पगडी बांधून रबीआ या गुरूंकडं पाठवायची आणि म्हणायची, आधी त्यांचा अदब (वागण्याची रीत) शिक, इल्म (विद्या) नंतर. माझ्या मते या पोरानं अदब शिकला तो त्या असरच्या वेळी.

मग घरी खोटं का? कारण घरी अब्बा अजून हात उगारूनच विचारतात. हे आईला सांगताना मलाच जड गेलं, त्या डोळे पुसत म्हणाल्या, होय की मॅडम.

मी सांगितलं, ताई, मदरसा सोडवू नका, पण वर्गानंतर पोरांजवळ कोण असतं ते स्वतः जाऊन बघा, हाफिजसाबांशी बोला, छडीचं तर मदरशाचा कारभार बघणाऱ्या नाझिमसाबांना स्पष्ट विचारा, आणि पोराच्या अंगावर वळ दिसले किंवा तो कुणाजवळ जायला घाबरतोय असं वाटलं तर थांबायचं नाही, 1098 ला, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. अब्बांनाही एकदा घेऊन या म्हटलं, ते आले, गप्प बसले, पण आले.

आणि फोनवर "किती पारे झाले" आधी नको, "आज कुणाबरोबर जेवलास" विचारा.

ईदनंतर त्यांचा फोन आला. पोरगा म्हणाला होता, "अम्मी, आज सबक कच्चा होता, मी आधीच सांगून टाकलं."