टर्मिनल उघडताच बंद होतंय? फॉरमॅटची घाई नको

प्रश्न : मी बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भांडुपला राहते. दादाच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. एक व्हिडिओ बघून त्यात झेडशेल हे शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, इन्स्टॉल केलं, तेच कायमचं शेल म्हणून लावलं आणि व्हिडिओखाली दिलेल्या सेटिंगच्या ओळी फाइलमध्ये पेस्ट केल्या. आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायचं ॲप, उघडलं की विंडो क्षणभर दिसते आणि बंद होते. एरर वाचायलाही मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवलं, तर ते म्हणाले फॉरमॅट करावं लागेल. सगळं प्रोजेक्ट त्यातच आहे. काय करू?

उत्तर : फॉरमॅट अजिबात करू नका. तुमच्या प्रोजेक्टला काहीही झालेलं नाही, आणि एवढ्याशा बिघाडासाठी मुलांना सगळा डेटा पुसायला सांगतात याचा मला मनापासून राग येतो.

विंडो क्षणभर दिसते, यातच अर्धं उत्तर आहे. शेल सापडलंच नसतं, तर उबंटूच्या टर्मिनलने विंडो उघडी ठेवून तसा मेसेज दाखवला असता. तुमचं शेल सुरू होतंय आणि सुरू होता होता बाहेर पडतंय. म्हणजे इन्स्टॉलेशन बहुधा ठीक आहे. माझा संशय त्या पेस्ट केलेल्या ओळींवर आहे.

झेडशेल सुरू होताना तुमच्या होम फोल्डरमधली डॉट झेडएसएचआरसी नावाची फाइल वाचतं. ती बाजूला करायला टर्मिनल लागत नाही. ‘फाइल्स’ हे ॲप उघडा, कंट्रोल आणि एच दाबा, लपलेल्या फाइली दिसतील. ती फाइल निवडून एफ२ दाबा आणि नावापुढे ‘जुनी’ असं काही जोडा. डिलीट करू नका, ती आपल्याला वाचायची आहे. आता टर्मिनल उघडा. नव्या माणसासाठी असलेला झेडशेलचा मेनू आला तर क्यू दाबा, तो काहीही न बदलता निघून जातो. प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची ओळ, आला की समजा, दोष फाइलमध्येच होता.

मग ती जुनी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दोन गोष्टी शोधा. एक, सुट्या ओळीवर लिहिलेलं एक्झिट. दुसरी, सेट आणि त्यापुढे हायफन ई. ही दुसरी ओळ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये, उपयोगाची असते, कारण एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. पण शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ती आली, की पुढची कुठलीही कमांड फसताच अख्खं शेलच बंद पडतं. आणि फसायला मोठं कारण लागतं असं नाही. २०१९ पासून मॅकवर झेडशेल डीफॉल्ट आहे, त्यामुळे पुष्कळ सेटिंग मॅकसाठीच लिहिलेली सापडतात. त्यांत होमब्रू या मॅकवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायच्या साधनाचे पाथ, म्हणजे फोल्डरचे पत्ते, असतात, ते तुमच्या उबंटूवर नाहीतच.

या दोन्हींपैकी जी ओळ सापडेल ती काढा, बाकीच्या थोड्या थोड्या करून नव्या फाइलमध्ये आणा, आणि दर वेळी टर्मिनलची दुसरी विंडो उघडून बघा. पहिली बंद करू नका.

फाइल हलवूनही विंडो बंदच होत असेल, तर टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोफाइलच्या कमांड टॅबवर जा. कमांड संपल्यावर विंडो उघडी ठेवायचा पर्याय तिथे आहे, म्हणजे एरर वाचता येईल. तिथेच शेलऐवजी वेगळी कमांड चालवायची खूण करून बॅश लिहा. बॅश हे उबंटूसोबत येणारं शेल आहे, ते तुमच्याकडे आहेच. त्यातून झेडएसएच आणि हायफन एफ अशी कमांड द्या. यात झेडशेल तुमच्या सेटिंगच्या फाइली वाचतच नाही. असं ते टिकलं, तर होममधल्या डॉट झेडएसएचएनव्हीसारख्या दुसऱ्या फाइलीही तपासा. असंही बंद पडलं, तर मात्र पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा.

एवढं करूनही अडलं, तर स्क्रीनवरचा मेसेज आणि त्या फाइलमधल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा पाठवा. पासवर्ड किंवा टोकन असेल तर तेवढं आधी काढा.