सोलापूरच्या वेगवेगळ्या समाजांचा इतिहास कुणाला वाईट न वाटता वर्गात कसा शिकवावा?

कुणालाच वाईट वाटू नये असं शिकवायचं असेल तर नका शिकवू, स्पष्टच सांगतो. १२ जानेवारीला, १९३१ साली फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा ही नावं पाठ, "बघा, सगळ्या समाजाचे होते" म्हणायचं आणि सुटायचं, हे चालूच आहे की. पण १९३० साली ज्या गावात मार्शल लॉ लागला तिथं ही सगळी माणसं आली कुठून, खायची काय, हे कोण सांगणार?

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी आणि वर कानडी. आजोबा तेलंगणातून हातमागावर आले. आई बिड्या वळायची, मांडीवर सूप, त्यात ओली पानं, तंबाखू, दोरा. कारखान्यात माल द्यायला गेली की तपासणारा त्यातल्या मूठभर नापास म्हणून मोडून टाकायचा, त्याचे पैसे नाहीत. हे कुठल्या धड्यात आहे?

म्हणून मास्तर झाल्यावर आठवीला एकच काम दिलं, तुमच्या घरातलं पहिलं माणूस सोलापुरात कशासाठी आलं ते विचारून या. मस्त वह्या आल्या, कुणाचे पणजोबा १८७७ च्या जुन्या मिलमध्ये, कुणाचे मोमीन विणकर, कुणी दुष्काळात गाव सोडून आलेले. सेटलमेंट म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची जुनी वसाहत, तिथल्या एका पोरानं मात्र "आम्ही इथलेच" एवढंच लिहिलं. मग मी पुस्तक बाजूला ठेवून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सांगितला, अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढं इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली आणि त्याच माणसांना मिलमध्ये राबवलं, हे सगळं. १९५२ ला तो कायदा गेला, शिक्का गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा आज्जा शाळेत हजर. हेडसरांना घाम फुटला. आज्जा मला म्हणतो, "गुर्जी, तार कुठनं कुठवर हुती तुमाला ठावं न्हाई, चला दावतो." आणि वर्गात येऊन खडूनं फळ्यावर तार, गेट, हजेरीची जागा, सगळं काढलं. मधली सुट्टी झाली तरी एकही पोरगं हललं नाही, नंतर आज्ज्याचा तोच नातू बाकीच्यांना नकाशा समजावत होता.

आता स्टाफरूममधले एक सर आजपण मला म्हणतात, तुम्ही वर्गात जात आणली. अहो, आणायला ती बाहेर कधी होती? हजेरीपटावर आडनावं वाचता तेव्हा पोरांना सगळं कळतं, फक्त तुम्ही कामाचं बोलत नाही. कोण मिलच्या कुठल्या खात्यात लागलं, कुणाला कुठल्या पेठेत खोली मिळाली, कुणाला नाही, तिथून सुरुवात करा. सण आणि खाद्यपदार्थांचे तक्ते नंतर लावा, कडक भाकरी पळून जात नाही.

हां, एक राहिलं, कुणाला उभं करून "तुझी जात सांग" असलं काही करू नका. ज्याला लिहायचं नाही त्याची वही कोरी चालेल. आणि घरच्यांशी आधी बोलून घ्या, प्रत्येकाचा आज्जा तसा नसतो.

बाकी त्या सरांच्या घरी मी एकदा जेवायला गेलो होतो. स्वतःला अस्सल सोलापूरकर म्हणवतात, पण स्वयंपाकघरात आई न सून कानडीतच भांडत होत्या. त्यांचे आजोबा कुठून आले विचारलं तर म्हणाले, विषय कशाला काढता.